खबर देणाऱ्याचे नाव कोणाच्या हाती?

एप्रिल २०२५ मध्ये चाकूर तालुक्यातले रोहिणा हे गाव एकाएकी मुंबईच्या वर्तमानपत्रांत झळकले. पीकपाण्यासाठी नव्हे. महसूल गुप्तचर संचालनालयाच्या पथकाने तिथल्या डोंगराकडच्या शिवारात छापा घातला आणि मेफेड्रोन ही नशेची पावडर तयार करणारा कारखाना पकडला. अकरा किलोहून अधिक माल, किंमत सतरा कोटींच्या घरात, सात जणांना अटक. त्यांत एक पोलीस कर्मचारीही असल्याचे बातम्यांत आले. दोषी कोण ते कोर्ट ठरवील. आपल्यापुरता प्रश्न वेगळा आहे.

समजा, असे एखादे शेड उद्या तुमच्या बांधाला लागून उभे राहिले. नाव कोंबड्यांच्या शेडचे, पण खाद्याची एक गोणी कधी येताना दिसत नाही. रात्री टेम्पो येतो, ड्रम उतरतात, दिवसा चिटपाखरू नसते. वारा फिरला की घशाला झोंबणारा वास येतो. हे ओळखायला बांधावरच्या माणसाला कुठले खाते लागत नाही. पण ओळखलेले सांगायचे कुणाला? आणि सांगितल्यावर आपले नाव कुठवर जाईल?

मी पंचायत समितीत कृषी विस्तार अधिकारी आहे. गावात जातो ते तुरीवरची अळी नाही तर सोयाबीनची उगवण बघायला. पण पाहणी झाली, लिंबाखाली चहा आला, की गोष्टी दुसरीकडे वळतात. नदीतून रात्री किती हायवा वाळू गेली, सीमेपलीकडून बिनबिलाचे चोरबीटी कोणी आणले, कुणाच्या तुरीत मधल्या तासाला भलतेच झाड उभे आहे. आणि शेवटी ठरलेले वाक्य: "सायब, सांगतो, पर मह्यं नाव येऊ देऊ नका." नांदेडकडे असो की लातूरकडे, वाक्य तेच. मी काही वकील नाही. पण एकच प्रश्न इतक्या गावांत कानावर आला की शेवटी पुस्तके चाळली, जाणत्या वकील मंडळींना विचारले. जे हाती लागले ते इथे मांडतो.

चार माणसे, चार वाटा

गावात आपण सगळ्यांनाच "तक्रार करणारा" म्हणून मोकळे होतो. कायद्याला मात्र इथे चार वेगवेगळी माणसे दिसतात, आणि आपण कोणते हे आधी न ठरवल्यामुळेच निम्मे घोटाळे होतात.

पहिला बातमीदार. तो फक्त कानावर घालतो. पोलिसांच्या कागदात तो "गुप्त बातमीदारामार्फत खात्रीलायक बातमी मिळाली" एवढ्याच शब्दांत येतो आणि तिथेच संपतो. दुसरा फिर्यादी. त्याच्या नावाने गुन्हा दाखल होतो, प्रथम खबरी अहवालात त्याचे नाव-गाव येते, आणि हा अहवाल आरोपीलाही मिळतो. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर, नाजूक स्वरूपाचे गुन्हे सोडले तर, हे अहवाल पोलिसांच्या संकेतस्थळावर चढवले जातात. म्हणजे ज्याच्या हातात मोबाईल, त्याच्या हातात तुमचे नाव. तिसरा पंच, जप्तीच्या वेळी कागदावर सही करणारा. चौथा साक्षीदार, जो कोर्टात उभा राहून डोळ्यांनी पाहिलेले सांगतो.

शेतकरी ठाण्यात जातो तो बातमी द्यायला आणि घाबऱ्या-घाबऱ्या फिर्यादी होऊन परत येतो. ठाणे अंमलदार कागद पुढे करतो, हा सही करतो. ज्या गुन्ह्यात तुमच्या अंगाला, मालाला वा घरच्या माणसाला इजा झाली आहे, तिथे फिर्यादी तुम्हीच व्हायला हवे, त्याला इलाज नाही. पण गांजा, नशेची पावडर, हातभट्टी, वाळू, बोगस खत यांत गुन्हा सरकारविरुद्धचा असतो. तिथे छापा घालणारा पोलीस किंवा निरीक्षक स्वतः सरकारतर्फे फिर्याद देऊ शकतो आणि बहुतेक वेळा देतोच. तेव्हा पहिल्याच वाक्याला स्पष्ट सांगावे: "मी बातमी द्यायला आलो आहे, फिर्याद द्यायला नाही." एवढ्या एका वाक्याने पुढचा पुष्कळ त्रास वाचतो.

आमच्या खात्यातले उदाहरण देतो. दुकानात बोगस खत विकले जाते एवढेच कळवायचे असेल तर तुमच्या नावाची गरज नाही. निरीक्षक जाऊन नमुना घेईल, पुढचे तो बघेल. पण तेच खत तुम्ही टाकले, पीक बसले आणि आता भरपाई हवी आहे, तर नाव, गट नंबर, पावती, पिशवी सगळे लागेल, तालुक्याची तक्रार निवारण समिती तुमच्याच बांधावर येईल. भरपाई निनावी मिळत नाही.

कवच आहे, पण कोणाच्या अंगावर?

आता मूळ मुद्दा. जुन्या पुरावा कायद्यात १८७२ पासून एक कलम होते, १२५ वे. १ जुलै २०२४ पासून नवा भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्यात ते १३१ वे झाले. त्याचा अर्थ असा की गुन्ह्याची खबर कुठून मिळाली हे सांगायची सक्ती कोणत्याही दंडाधिकाऱ्यावर वा पोलीस अधिकाऱ्यावर करता येत नाही. सरकारी महसुलाविरुद्धच्या गुन्ह्याबाबत महसूल अधिकाऱ्यालाही हेच संरक्षण आहे. आरोपीच्या वकिलाने कोर्टात कितीही खोदून विचारले तरी अधिकारी "ते सांगणार नाही" म्हणू शकतो. नशेच्या पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात ६८ वे कलम पुन्हा हेच सांगते. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातही आठव्या कलमात सोय आहे: ज्या माहितीने कोणाच्या जिवाला धोका होईल किंवा विश्वासाने खबर देणारा ओळखला जाईल, ती देणे बंधनकारक नाही. म्हणजे तुमच्याविरुद्ध डूख धरणाऱ्याने माहिती अधिकाराचा अर्ज टाकला तरी त्याला नाव मिळू नये.

ऐकायला बरे वाटते. पण कलम नीट वाचा. ही मुभा अधिकाऱ्याला आहे, तुम्हाला नाही. त्याला सांगायची सक्ती नाही. पण त्याने आपण होऊन, चहाच्या टपरीवर, मेहुण्याच्या कानात सांगितले, तर त्याला अमुक शिक्षा, असे त्या कलमात कुठेही नाही. खात्याची चौकशी होईल, बदली होईल, पण तोवर गावात जे व्हायचे ते होऊन गेलेले असते. आपल्याकडे नावे फुटतात ती कोर्टात नव्हे. ती ठाण्याच्या आवारात, पंचायतीच्या पायरीवर आणि बसस्टँडवर फुटतात. सरकारी कारभारातला भ्रष्टाचार उघड करणाऱ्यांसाठी म्हणून संसदेने २०१४ मध्ये एक वेगळा कायदा मंजूर केला, राष्ट्रपतींची सहीही झाली. तो लागू करण्याची अधिसूचना मात्र निघाली नाही. हे मला पटत नाही. बियाण्याची पिशवी बाजारात आली आणि उगवण शून्य, अशातला हा प्रकार.

म्हणून कोणत्या दारावर थाप मारायची याला महत्त्व येते.

परंपरेचे दार म्हणजे पोलीस पाटील. निजामाच्या राज्यात आपल्या मराठवाड्यात माली पाटील आणि पोलीस पाटील असे दोन पाटील असत, वंशपरंपरेने. पुढे १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने आजचा पोलीस पाटील आला. गावातली गुन्ह्याची खबर वर कळवणे हे त्याचे कर्तव्यच आहे. पुष्कळ पाटील हे काम इमानाने करतात, मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण पाटील गावातलाच, त्याचीही भावकी असते, सोयरे असतात. ज्याच्याविषयी सांगायचे तो त्याचा साडू निघाला तर? तेव्हा लक्षात ठेवा, पाटलामार्फतच गेले पाहिजे असा कायदा नाही. तालुक्याच्या ठाण्यात जाता येते. ठाण्यावर विश्वास नसेल तर नांदेडला किंवा लातूरला थेट पोलीस अधीक्षकांकडे, किंवा त्यांच्या हाताखालच्या स्थानिक गुन्हे शाखेकडे जाता येते. नशेच्या मालासाठी केंद्र सरकारने २०२४ मध्ये १९३३ हा क्रमांक सुरू केला आहे. पोलिसातलाच माणूस सामील असल्याची शंका असेल तिथे, रोहिण्यासारख्या प्रकरणात, हा वेगळा दरवाजा कामाचा.

११२ विषयी एक सूचना. डोळ्यांसमोर मारामारी चालली आहे, घर फोडले जाते आहे, जीव धोक्यात आहे, तर क्षणाचाही विचार न करता ११२ फिरवा. पण गुपचूप खबर द्यायला हा क्रमांक नाही. तुमचा नंबर गाडीवरच्या पोलिसांकडे जातो, ते परत फोन करतात, "घर कुठंय?" विचारतात आणि कधीकधी गाडी थेट दाराशी येऊन उभी राहते. मग सगळ्या गल्लीला कळते.

तुरीतला गांजा आणि जमीनमालक

हा भाग आपल्या लोकांनी दोनदा वाचावा. लातूर, पुणे, हैदराबादला राहणारे अनेकजण शेत बटईने देतात आणि वर्षातून दोनदा येतात. नशेच्या पदार्थांच्या कायद्याचे ४६ वे कलम सांगते की आपल्या जमिनीत गांजाचे बेकायदा पीक आहे हे कळल्यावर जमीनधारकाने ताबडतोब पोलिसांना किंवा संबंधित खात्याला कळवलेच पाहिजे. जाणूनबुजून न कळवणे हाच गुन्हा. ४७ वे कलम सरकारी अधिकारी, सरपंच आणि पंच यांच्यावर हेच बंधन घालते. त्यामुळे सरपंचाने "मला काय करायचंय" म्हणायची सोय नाही, आणि विस्तार अधिकाऱ्यालाही नाही. गांजाच्या लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. बटईदाराने लावले, मालकाला ठाऊक होते आणि मालक गप्प बसला, तर उद्या सातबारावर ज्याचे नाव त्याला उत्तर द्यावे लागते. इथे खबर देणे हेच मालकाचे संरक्षण आहे, आणि ती आपल्या नावानिशी, तारखेनिशी, लेखी द्यावी. इथे नाव लपवून उलट तोटा.

पण आधी झाड ओळखा. आपल्याकडे बांधाच्या कडेने अंबाडी लावतात आणि तिचे पान लांबून पाहणाऱ्याला हमखास फसवते. अंबाडीचे पान एकसंध असते, त्याला खोल चिरा गेलेल्या असतात. गांजाची दातेरी पानोळी देठापर्यंत सुटी असतात, हाताच्या पसरलेल्या बोटांसारखी. अंबाडीला पिवळसर, आत गर्द डाग असलेले मोठे फूल येते आणि पान चावले तर आंबट लागते. चवीची परीक्षा परक्याच्या शेतात जाऊन करू नका म्हणजे झाले.

समजा, तरीही चूक झाली, पोलीस आले आणि अंबाडीच निघाली. मग तुमच्यावर केस होईल का? लोकांना ही भीती फार असते. खोटी खबर देणे हा गुन्हा आहे, पूर्वीच्या दंड संहितेत १८२ वे कलम, आता भारतीय न्याय संहितेत २१७ वे. पण त्यात शिक्षा आहे ती खबर खोटी आहे हे माहीत असून, दुसऱ्याला त्रास व्हावा म्हणून ती देणाऱ्याला. प्रामाणिक समजुतीने सांगितले आणि अंदाज चुकला, तर तो गुन्हा नाही. अब्रुनुकसानीचेही तसेच. योग्य अधिकाऱ्यापुढे सद्भावनेने केलेला आरोप ही बदनामी नव्हे, असा अपवाद कायद्यातच लिहिलेला आहे. मात्र तेच तुम्ही गावाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकले तर तो अपवाद तुमच्या कामी येणार नाही. सांगायचे ते अधिकाऱ्याला, गटावर नाही. आणि बांधाच्या भांडणाचा राग काढायला भावाच्या शेतात गांजा असल्याची आवई उठवणारेही आहेत, त्यांना वरचे २१७ वे कलम लखलाभ.

लेकराबाळांच्या बाबतीत कायदा सर्वांत स्पष्ट आहे. अठरा वर्षांखालच्या मुलामुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, न कळवणाऱ्याला शिक्षा आहे, आणि सद्भावनेने कळवणाऱ्यावर कोणतीही दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येणार नाही असे १९ व्या कलमात सरळ लिहिले आहे. कलम असे लिहावे! बालविवाहासाठी १०९८ हा क्रमांक आहे. कंधार, लोहा, मुखेडकडे ऊसतोडीला जायच्या आधी घाईघाईने लग्ने उरकतात, हे मी नव्याने सांगायला नको. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे आपला ग्रामसेवकच. फोन आला म्हणून मी आलो, एवढेच तो सांगतो. तरी मांडव मोडला की गाव आधी अंगणवाडीताईकडे बोट दाखवते, फोन तिने केला असो वा नसो. तिच्या पाठीशी चार बायांनी उभे राहायला हवे, ते कायद्याने होणार नाही.

वाळूचे थोडक्यात. बिलोलीकडे मांजरा, उमरी-धर्माबादकडे गोदावरी, पात्रे कशी खरवडली गेली ते सगळे बघतात. इथे पोलिसांइतकाच तहसीलदारही अधिकारी आहे आणि वर सांगितलेली खबर न फोडण्याची मुभा महसूल अधिकाऱ्यालाही आहे. गाडी जात असताना आडवे जाऊ नका. हायवा अंगावर घालणाऱ्याला कलमे ठाऊक नसतात. नंबर, वेळ आणि रस्ता टिपा. लाच मागितली असेल तर १०६४ वर लाचलुचपत प्रतिबंधक विभाग आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. पण जबरदस्तीने द्यावी लागली आणि सात दिवसांच्या आत कळवले तर नाही. सात दिवस मोजून लक्षात ठेवा.

नाव फुटलेच तर

लोक गप्प का बसतात हे विचारायला फार लांब जायला नको. आपल्या शेजारी, बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात, मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण करून त्यांना हालहाल करून मारले गेले. तीन दिवस आधी, ६ डिसेंबरला, पवनऊर्जा कंपनीच्या आवारात गुंडगिरी करणाऱ्यांना ते आडवे गेले होते. खंडणीच्या वाटेत अडसर ठरल्याने हा खून झाला, असे तपास यंत्रणेचे दोषारोपपत्र म्हणते. त्या डिसेंबरात मी ज्या ज्या गावात गेलो तिथे हाच विषय होता, आणि एरवी मोकळेपणाने बोलणारी माणसे मान खाली घालून तुरीकडे बघत होती. त्यांना भित्रे म्हणायची माझी तयारी नाही.

त्यांच्यासाठी एक तरतूद आहे, जी फार थोड्यांना ठाऊक आहे. सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ रोजी साक्षीदार संरक्षण योजना मंजूर केली आणि ती देशभर कायद्यासारखी पाळायला सांगितली. महाराष्ट्राने त्याआधीच २०१७ मध्ये स्वतःचा साक्षीदार संरक्षण कायदा केला होता. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यातही, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३९८ व्या कलमात, प्रत्येक राज्याने अशी योजना करावी असे लिहिले आहे. २०१८ च्या योजनेत साक्षीदार म्हणजे फक्त कोर्टात उभा राहणारा नव्हे. गुन्ह्याविषयी माहिती वा कागद ज्याच्याजवळ आहे, तो कोणीही. म्हणजे ज्याचे नाव फुटले तो बातमीदारही त्यात बसतो.

अर्ज जिल्ह्याच्या समितीकडे करायचा असतो. अध्यक्ष जिल्हा व सत्र न्यायाधीश, जिल्ह्याचे पोलीस प्रमुख सदस्य, आणि सरकारी वकिलांचे प्रमुख सदस्य-सचिव. उपविभागाचे पोलीस उपअधीक्षक धोक्याचा अहवाल देतात, तो पाच कामाच्या दिवसांत यायला हवा. घराभोवती गस्त, घरावर कॅमेरा, कोर्टात नेण्या-आणण्याला पोलीस, बंद दाराआड साक्ष, फारच धोका असेल तर तात्पुरते दुसरीकडे राहणे, अशी सोय होऊ शकते. एका वेळी तीन महिन्यांपर्यंत, मग पुन्हा आढावा. गुन्हा मात्र गंभीर हवा: फाशी, जन्मठेप किंवा सात वर्षे व त्यावर शिक्षेचा, शिवाय महिलांवरील काही गुन्हे. गांजाची लागवड त्यात बसते. साक्ष फिरवायला धमकावणे हाही स्वतंत्र गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षेचा, न्याय संहितेचे २३२ वे कलम. धमकी आली की दिवस, वेळ, शब्द, फोन नंबर तिथल्या तिथे वहीत उतरवून ठेवा. अर्जाला तोच आधार.

आणि पंच म्हणून बोलावले तर फार घाबरू नका. झडती-जप्तीचे चित्रीकरण आता नव्या संहितेच्या १०५ व्या कलमाने सक्तीचे झाले आहे. सगळा भार पंचाच्या सहीवर राहिलेला नाही. गांजाच्या कारवाईत पुष्कळदा आम्हा सरकारी नोकरांनाच पंच म्हणून नेतात, ते एका परीने बरेच.

आता खबर कशी लिहावी ते सांगून थांबतो. "गावात फार वाईट धंदे चालू आहेत, लक्ष घालावे" अशा पत्रावर कोणी काही करू शकत नाही. गाव, गट नंबर, कोणत्या रस्त्याने जायचे, विहीर वा लिंबाची खूण, किती वाजता गाडी येते, गाडीचा नंबर, काय दिसले आणि काय फक्त ऐकले, हे वेगवेगळे लिहा. जे एकट्या तुम्हालाच दिसू शकते ते लिहिताना सांभाळा. "माझ्या गोठ्यातून दिसते" लिहिलेत तर सही नसली तरी नाव दिल्यासारखेच. पाकिटावर पद लिहा, पोलीस अधीक्षक, नांदेड किंवा लातूर. साध्या टपालाने पाठवा, कारण रजिस्टरला पाठवणाऱ्याचे नाव लागते. आणि ते गावच्या टपाल पेटीत टाकू नका. शिक्का गावचा उठतो. बाजाराच्या दिवशी तालुक्याला जाल तेव्हा तिथल्या पेटीत टाका.